जपानी भावजींचा कावळा

मी चौथी पास आहे आणि जपानमध्ये राहून आले आहे. ह्या दोन्ही गोष्टी लोकांना एकदम पटत नाहीत. मुलगा टोकियोत कॉम्प्युटरच्या कामावर, सूनही नोकरीला लागली, नात लहान. नात सात वर्षांची होईपर्यंत तिला सांभाळायला आजीला तिथं राहता येतं, असा मुलाच्या व्हिसाचा नियम. नात सात वर्षांची झाली आणि मी कऱ्हाडला परत आले. जपान म्हटलं की लोकांना फुलं आठवतात, डोंगर आठवतो. मला एक माणूस आठवतो, आणि तो मराठी आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही बायका त्यांना जपानी भावजी म्हणायचो, तोंडावर नुसतं भावजी. साठी उलटलेली. तरुणपणी कसल्याशा यंत्रांच्या कंपनीतर्फे आले आणि तिथंच राहिले. लग्न केलं नाही. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात, आमच्या मोठ्या इमारतीपासून थोडं पलीकडे, एका जुन्या लाकडी घरात त्यांची वरची खोली होती. माझी सून ऋतुजा म्हणायची, "आई, ते फोनवर बोलले तर जपानीच वाटतात." समोर बघितलं तर वाटायचे नाहीत. रंग माझ्यापेक्षा काळा. हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

फोनवर बोलतानाही ते वाकायचे. एकदा भाजीच्या दुकानात कानाला फोन लावून इतकं वाकले की डोकं मुळ्यांच्या राशीत गेलं. मग मुळ्यांचीही माफी मागितली. आमच्याकडे आले की चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे करायचे, आणि मग आमच्या सगळ्यांच्या चपलाही फिरवायचे. मी जरा मोठ्यानं बोलले की ओठावर बोट. "वहिनी, इथं असं चालत नाही." दिवसातून शंभरदा हे वाक्य. रस्त्यात हसणं चालत नाही. खिडकी उघडी ठेवून फोडणी चालत नाही. खिडकी बंद केली तर वास जिन्यात जातो, तेही चालत नाही.

मी विचारलं, "मग खायचं काय?"

"उकडून खावं."

ते स्वतः उकडूनही खात नसत. कोनबिनीतलं खायचे. कोनबिनी म्हणजे तिथलं कोपऱ्या-कोपऱ्यावरचं दुकान, तयार जेवणापासून छत्रीपर्यंत सगळं मिळतं. ऋतुजा अशाच एका कोनबिनीत गल्ल्यावर होती. ती सांगायची, भावजी रोज येऊन तोच गार भाताचा गोळा घेतात आणि मराठीत एक शब्द बोलत नाहीत. गल्ल्यावर तिला सान लावायचे, आपल्या 'बाईसाहेब'सारखं. ऋतुजा-सान.

कचऱ्याच्या सकाळी मात्र ते रंगात यायचे. तिथं कचऱ्याच्या पिशव्या रस्त्याच्या कडेला ठेवून वर जाळी घालतात, कावळ्यांनी फाडू नये म्हणून. तिथला कावळा म्हणजे कोंबडीएवढा. भावजी आपला कचरा टाकून आमच्या इमारतीखाली यायचे. कोणी बोलावलेलं नसायचं. हातात पेपरची गुंडाळी. कावळा दिसला की "शूः". त्यांचा हात इतका सवयीचा झाला होता की एकदा वरून कबुतर गेलं तरी तो उठला.

पिशव्या आरपार दिसणाऱ्या असतात. भावजी एकेक बघायचे.

"वहिनी, कोणाच्या तरी पिशवीत करवंटी दिसतेय."

"नारळ फोडला असेल."

"लोक घाबरतात. तिला केस आहेत."

तर असा हा माणूस. वेडा म्हणून सोडून दिला असता. पण तो रेडिओवर बोलायचा.

त्या भागाचा एक छोटा रेडिओ होता. औषधाच्या दुकानावरच्या खोलीतून चालायचा. कोणाचं मांजर हरवलं, कोणत्या शाळेत जत्रा आहे, असल्या बातम्या. गुरुवारी सकाळी गप्पांचा कार्यक्रम असायचा, लोक फोन करायचे. न्हाव्याकडे, दाताच्या दवाखान्यात, म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात तो लागलेला असे. बोलणारा बाबा मधासारखा बोलायचा. स्वतः कधी कोणाला वाईट म्हणायचा नाही. तो फक्त विचारायचा. "असं कानावर येतं की परदेशी लोक कचरा वेगळा करत नाहीत. खरं असेल का हो?" मग फोन वाजायला लागायचे. "विचारताना वाईट वाटतं, पण विचारायला तर हवं." मग आणखी फोन. मला भाषा येत नव्हती, ऋतुजा सांगायची. पण आवाज कळायचा. कऱ्हाडला आमच्या गल्लीत एक बाई होती, तीही अशीच नुसतं विचारायची. तिच्या विचारण्यानं दोन घरं फुटली.

भावजी ह्या कार्यक्रमात दर गुरुवारी 'परदेशी पाहुणे'. उभा जन्म तिथं काढला, तरी पाहुणे. बाबा विचारायचा, भावजी सांगायचे. नवे लोक येतात त्यांना वळण नाही. मोठ्यानं बोलतात. आमच्या इमारतीला त्यांनी नाव दिलं होतं 'मसाल्याचा मनोरा', आणि हे नाव न्हाव्यापासून दातवाल्यापर्यंत सगळ्यांना आवडलं. बाबा म्हणायचा, "आम्ही म्हटलं तर लोक रागावतील. तुम्ही स्वतः म्हणता, म्हणून विश्वास बसतो." हे ऐकून भावजी औषधाच्या दुकानाच्या जिन्यावरून तरंगत खाली यायचे.

"मी पूल आहे, वहिनी. दोन देशांमधला."

मी म्हटलं, "पुलावरून एकाच बाजूची माणसं चाललीत. तीही तुमच्या पाठीवरून."

त्यांना ते लागलं नाही. त्यांना काही लागत नसे. लागत होतं आम्हाला. रोज ऋतुजाच्या गल्ल्यावरून डबा घेणारा एक म्हातारा दुसऱ्या मुलीच्या रांगेत उभा राहायला लागला. तिची रांग मोकळी असली तरी. लिफ्टमध्ये आम्ही असलो की एक बाई 'तुम्ही जा' म्हणून मागे राहायची, हसून. शेजारणीच्या सायकलच्या टोपलीत कोणीतरी कागद टाकला, सुंदर अक्षरात, 'आपल्या देशात परत जावे.' 'कृपया' असंही लिहिलं होतं.

ऋतुजा चिडली. तिनं भावजींना घरी बसवून चहा दिला आणि विचारलं, "भावजी, तुम्ही आमच्याबद्दल असं का बोलता?"

"तुमच्याबद्दल नाही. तुम्ही चांगल्या आहात. मी इतरांबद्दल बोलतो."

"इतर म्हणजे कोण? समोरचे कुलकर्णी?"

"छे, ते फार सभ्य."

"तिसऱ्या मजल्यावरचे तमिळ?"

"त्यांची मुलगी मला नमस्कार करते."

तिनं सगळे मजले घेतले. सगळे चांगले निघाले.

मी म्हटलं, "मग त्या मनोऱ्यात राहतं कोण?"

भावजी चहाकडे बघत म्हणाले, "चहात आलं जरा जास्त झालंय. वास जिन्यात जातो."

त्या वर्षी त्यांचं लाकडी घर पाडायचं ठरलं. मालक म्हातारा होऊन मेला होता, मुलांना तिथं नवी इमारत बांधायची होती. भावजींना खोली सोडायला वर्षभर आधी सांगितलं होतं, आणि आता थोडेच आठवडे राहिले होते. एकटा म्हातारा माणूस, त्यात परदेशी, त्याला तिथं खोली देत नाहीत. हे मला भाजी घेता-घेता कळलं होतं, पण त्यांना कळलं नव्हतं. "मला ओळखतात सगळे," म्हणायचे. दलाल फोन लावायचा, पलीकडचं ऐकायचा, फोन ठेवून दीर्घ श्वास घ्यायचा आणि म्हणायचा की खोली आत्ताच गेली. भावजी वाकून आभार मानायचे. दलालांची दहा दुकानं झाली. शेवटी एका विधवा बाईची खोली जमतेय असं वाटलं. ती त्यांचा कार्यक्रम न चुकता ऐकायची. रविवारी भेटायला या म्हणाली होती.

पितृपक्ष लागला. माझ्या नवऱ्याची तिथी तृतीया. मुलगा म्हणाला, आई, ताट देवासमोर ठेव, इथं कावळ्याला घालणं चालत नाही, खाली पाटी लावली आहे. होती पाटी, चार भाषांत. मराठीतली भावजींनी लिहून दिली होती, 'काकवर्गास अन्नदान करण्याचे कृपया टाळावे.' आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं की कोणा काकांबद्दल आहे. मी ऐकलं नाही. नवरा जिवंतपणी कधी देवासमोर जेवला नाही, मेल्यावर काय जेवणार. मी पहाटे भात, खीर, वडे केले आणि पान घेऊन नदीच्या बांधावर गेले. तिथं मोकळं गवत आहे, कोणाला त्रास नाही.

बांधावर भावजी उभे होते. करडं जाकीट, टोपी. पुढ्यात कागदी ताटली, आणि तिच्यात कोनबिनीतला भाताचा गोळा, प्लास्टिक सोलून, वरचं काळं शेवाळाचं पान काढून ठेवलेला. दिव्याच्या खांबावर तीन कावळे. भावजी ताटलीकडे हात करून त्यांना हळू आवाजात म्हणत होते, "दोझो, दोझो." म्हणजे घ्या, घ्या.

तिथ्या पंधरा आणि मेलेली माणसं कितीतरी, तेव्हा एकाच दिवशी दोघं येणं यात नवल नाही. पण मला बघून ते चोरासारखे दचकले.

"कोणाचं?" मी विचारलं.

"आईचं."

"दर वर्षी करता?"

"दर वर्षी. लवकर येतो. कोणी नसतं तेव्हा."

"आणि हे घालता?"

"खोलीत शिजवलं तर वास राहतो ना, वहिनी."

मी माझं पान ठेवलं. 'का का' करायच्या आत एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. माझ्या नवऱ्याला जेवणाची वाट बघायची सवयच नव्हती. भावजींच्या ताटलीकडे एकही फिरकला नाही. ते टोपी काढून कावळ्यांना काही सांगायला लागले, जपानीत, अगदी आदरानं.

"तुमच्या आईला जपानी येत होतं का?"

ते थांबले. म्हणाले, "इथला कावळा आहे."

"पण जेवायला येतेय ती आई. मराठीत बोला. काय राहिलंय तिचं, विचारा."

मग ते मराठीत बोलले. तिच्याशी कसे बोलले ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. शेवटी म्हणाले, "आई, खोली मिळू दे. मग मी नीट करीन सगळं." कावळे खांबावर पंख साफ करत बसले. तेवढ्यात बांधावरून एक बाई कुत्रं घेऊन आली. भावजींनी झटकन ताटली पिशवीत घातली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि माझ्याशी ओळख नसल्यासारखे चालू पडले. बाई उभी राहून बघत होती.

गुरुवारी ऋतुजाची सुटी होती. रेडिओ लावला. फोनवर तीच बाई असावी. ऋतुजा ऐकता-ऐकता सांगत होती. बाई म्हणत होती, पहाटे नदीवर एक परदेशी माणूस कावळ्यांना खायला घालतो. करडं जाकीट, टोपी. म्हणूनच कावळे वाढले, परवा तिच्या कुत्र्याच्या डोक्यावर एकानं चोच मारली. बाबा म्हणाला, "अरेरे. परदेशी लोक मुद्दाम कावळे पाळतात, असं तर नसेल ना? मी फक्त विचारतोय." मग तो भावजींकडे वळला. "तुमच्या देशात असं करतात का हो?"

भावजींनी घसा साफ केला आणि बोलायला लागले.

मग ऋतुजा म्हणाली, "आई, ते म्हणतायत, शिकलेली माणसं असं करत नाहीत. खेड्यातून आलेले अडाणी नवे लोक करतात. घाण आहे ती. सांगून ऐकत नसतील तर त्यांना परत पाठवावं."

मी नातीची वेणी घालत होते. म्हटलं, "स्वतःलाच पाठवतोय. तिकीट कोण काढणार?"

ऋतुजा हसली नाही. तिनं रेडिओ बंद केला.

रविवारी दुपारी भावजी आले. हातात उत्तम कागदात बांधलेला मिठाईचा खोका. चपला काढल्या आणि तशाच वाकड्या टाकून आत आले, तेव्हा मी ओळखलं. ऋतुजानं पाणी दिलं आणि विचारलं,

"मिळाली खोली?"

"फार चांगली बाई आहे," ते म्हणाले. "तीन प्रकारचा चहा केला. म्हणाली, मी तुम्हाला कधी चुकवत नाही. परदेशी लोकांबद्दल मला काही माहीत नव्हतं, सगळं तुमच्याकडून कळलं."

"मग?"

"म्हणाली, म्हणूनच ठरवलं, परदेशी माणसाला खोली द्यायची नाही."

ऋतुजा म्हणाली, "अहो, पण तुम्ही सांगायचं ना, की मी..."

"सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही वेगळे आहात हे खरं. पण वेगळा कोण आणि तसा कोण हे आम्हाला बाहेरून कसं कळणार? तुम्हीच तर म्हणता. आणि परवा ते कावळ्याचं ऐकून तिला झोप आली नाही." त्यांनी खोका पुढे केला. "हा दिला. दोन्ही हातांनी दिला. दारापर्यंत सोडायला आली."

खोका उघडला. आत एकसारखे गोड गोळे. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, "आमच्या इमारतीत या. इथं मालक नाही, ऑफिस आहे. पेन्शनचा कागद बघतात, तोंड बघत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"इथं?" ते भिंतींकडे बघायला लागले. "वहिनी, मी ह्या इमारतीबद्दल..."

"माहीत आहे. इथल्या लोकांनाही रेडिओ ऐकू येतो."

"ते मला राहू देतील?"

"ते कोण राहू देणारे? ऑफिस देईल. लोक तुमच्याशी बोलतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी बोलेन, कारण मला इथं दुसरं काम नाही."

त्यांनी मान खाली घातली. मी पुढे म्हटलं, "दुसरी गोष्ट. तुमची आई उपाशी गेली. सर्वपित्रीला मी वडे करणार आहे, तिच्या पानाचेही करीन. पण गुरुवारी तुम्ही सगळ्या गावासमोर तिच्या पानाला घाण म्हणालात. ते आधी परत घ्या. तिथंच, रेडिओवर. नाहीतर माझे वडे मिळणार नाहीत."

"वहिनी, इथं असं चालत नाही. कार्यक्रमात एकदम असं..."

"मग भाताचा गोळा घाला."

जाताना त्यांनी स्वतःच्या चपला सरळ केल्या. आमच्या तशाच ठेवल्या.

पुढचा गुरुवार. ऋतुजा कामावर होती, पण तिनं दुकानातून फोन चालू ठेवला. दुकानातही तोच रेडिओ लागलेला होता, आणि ती हळूच मला सांगत होती. बाबानं कावळ्यांपासूनच सुरुवात केली, कारण त्या विषयाला खूप फोन आले होते. भावजी म्हणाले, गेल्या आठवड्यात मी चुकीचं बोललो. नदीवरचा तो माणूस मीच. ते माझ्या आईचं जेवण होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं जेवण कावळ्याला घालतात. शिकलेलेही घालतात.

बाबा हसला. म्हणाला, तुमचा विनोद फार बारीक असतो.

भावजी म्हणाले, विनोद नाही. तुमच्या कार्यक्रमाचा प्रभाव मोठा आहे, त्याबद्दल मी आभारी आहे. लोक तुमचं मनापासून ऐकतात. त्यामुळे मला खोली मिळाली नाही.

ऋतुजा म्हणाली, "आई, काहीच ऐकू येत नाहीये. नुसती खरखर." मग दाताच्या दवाखान्याची जाहिरात लागली. ठरलेल्या वेळेच्या फार आधी. मग गाणं लागलं, आणि कार्यक्रम संपेपर्यंत गाणीच लागली.

त्यानंतर भावजींना कोणी बोलावलं नाही. पुढच्याच गुरुवारी बाबानं नवा पाहुणा आणला. कुठल्याशा दुसऱ्या देशातला तरुण पोरगा, येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तो म्हणाला, नव्या लोकांना नियम कळतात, अडचण जुन्या परदेशी म्हाताऱ्यांची आहे, ते कावळ्यांना खायला घालतात. बाबा म्हणाला, तुम्ही स्वतः म्हणता म्हणून विश्वास बसतो.

ऋतुजाच्या रांगेतला तो म्हातारा काही परत आला नाही. रेडिओनं जे गेलं ते रेडिओनं आलं नाही. भावजींना मात्र दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. कुलकर्ण्यांनी सामान उचलायला हात लावला, तमिळ मुलीनं नमस्कार केला, बाकीचे दारं लावून बसले. योग्यच केलं त्यांनी.

पण ते सगळं नंतर. आधी अमावास्या आली. मी वडे तळले. खिडकी सताड उघडी ठेवून. भावजी पहाटे दाराशी हजर. आईला कढी आवडायची म्हणाले, म्हणून कढीही केली होती. त्यांनी विचारलं, "फोडणी मी घालू का?" घातली. मोहरी करपवली. मी तसं सांगितलं. म्हणाले, "आईचीही करपायची." नाक पुसत होते. हिंगानं येतं पाणी.

बांधावर गेलो. उजाडत होतं. ती कुत्रेवाली बाई लांबून येत होती. भावजींनी तिला पाहिलं, पण टोपी ओढली नाही. पान गवतावर ठेवलं. पान कसलं, मोठी ताटली होती, पण तिच्यावर भात, कढी, खीर, वडे, सगळं जागच्या जागी. ते सरळ उभे राहिले आणि बोलायला तोंड उघडलं.

बोलायची वेळच आली नाही. खांबावरून एक दांडगा कावळा सरळ ताटलीवर उतरला, आणि भावजींचा हात आपोआप वर गेला.

"शूः."

कावळा वडा घेऊन उडाला.

"भावजी," मी म्हटलं, "आईला हाकलताय."

त्यांचा हात तसाच वर राहिला होता. माझ्याकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं. कुत्रेवाली बाई जवळ येऊन थांबली होती. मग त्यांनी तो हात हळूहळू खाली आणला, पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला, दुसरा कावळा जेवून जाईपर्यंत.